नामदार गोखले

लोकमान्य, महात्मा, महर्षी, कर्मवीर ही विशेषणे लोकांनी आपल्या पुढाऱ्यांना प्रेमाने बहाल केली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावामागे मराठी माणसाने कायमचा जोडलेला ‘नामदार’ हा शब्द मात्र सरकारी दप्तरातून आलेला आहे. कायदेमंडळाच्या प्रत्येक सभासदाला इंग्रजी अमदानीत ही उपाधी लावण्याचा प्रघात होता. त्या काळात असे नामदार अनेक झाले आणि पुढे तर मंत्र्यांच्या नावामागेही ती उपाधी लागू लागली. तरीही नुसते ‘नामदार’ म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे पगडी आणि उपरणे घेतलेली एकच मूर्ती उभी राहत असे. ज्या सभागृहात सरकारला हवे तेच मंजूर होणार हे आधीच ठरलेले असे, त्या सभागृहात या गृहस्थाने आयुष्याची सुमारे पंधरा वर्षे घालविली. मतांच्या गणतीत बहुतेक वेळा ते हरले. असे असता त्या उपाधीला लोकांच्या मनात मान कसा मिळाला, हा प्रश्न त्यांच्या चरित्राकडे पाहताना पडल्यावाचून राहत नाही.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे कुटुंब चाले. १८८४ साली गोखले बी.ए. झाले. शिक्षणाला लागणाऱ्या पैशाची किंमत त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही, एवढे या हकिकतीवरून ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते १८८५ साली शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून वीस वर्षांच्या सेवेस बांधले गेले. वेतन पंचाहत्तर रुपये. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कितीतरी वर्षे शाळांतून चालले. सुट्टी लागली की हा प्राध्यापक महाविद्यालयाच्या इमारतीसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडे. याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांशी त्यांचा संबंध आला आणि त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन, ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू, सरकारकडे पाठवायचे अर्ज आणि निवेदने ही कामे रानडे त्यांच्याकडून करवून घेत. सरकारी अहवाल कसा वाचावा, त्यातील आकडे एकमेकांसमोर कसे उभे करावेत आणि विधान करताना शब्द कसा तोलावा, हे गोखले रानड्यांच्या हाताखाली शिकले.

तरीही शब्द तोलण्याचा सर्वांत कडू धडा त्यांना रानड्यांकडून मिळाला नाही. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घरोघर घुसत होते आणि मित्रांच्या पत्रांतून गोखल्यांना तेथील अत्याचारांच्या हकिकती कळत होत्या. दोन स्त्रियांवर सोल्जरांनी अत्याचार केल्याची व त्यांतील एकीने जीव दिल्याची हकिकत त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रात प्रसिद्ध केली. सरकारने पुरावा मागितला. इकडे २२ जून रोजी रँडचा खून झाला आणि पुण्याची हवा पार बदलून गेली. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईस उतरले, तेव्हा आरोपाला आधार देण्यासाठी एकही माणूस पुढे यायला तयार नव्हता. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून त्यांना सरकारच्या तोंडी देणे गोखल्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. अशा स्थितीत त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि गव्हर्नराची व प्लेगच्या कामावरील सोल्जरांची उघड माफी मागितली.

या माफीचे उट्टे महाराष्ट्राने पुष्कळ वर्षे काढले. भित्रा, कच्च्या दिलाचा अशी संभावना झाली. इंग्रजी पत्रांनी त्यांना खोटे ठरविले आणि मराठी पत्रांनी कचखाऊ. त्या प्रसंगी दुसरे काय करता आले असते याविषयी आजही मतभेद होऊ शकेल. सिद्ध करता न येणारे विधान मागे घेणे प्रामाणिकपणाचे होते हे मान्य केले, तरी माफीचा मजकूर गरजेपेक्षा अधिक नमता होता, असे म्हणावेसे वाटते. गोखल्यांनी मात्र कोणाशी वाद घातला नाही. प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून त्याच कामात उतरले. पुढील आयुष्यात पदरी पुरावा नसलेले एकही वाक्य त्यांनी सभागृहात उच्चारले नाही, याचे मूळ या दिवसांत असावे.

१८९९ साली मध्य विभागातून ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. ते कायदेमंडळ कसे होते हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळायचे नाही. १८९२ च्या कायद्याने काही थोड्या जागा नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांच्या शिफारशीने भरल्या जात. बाकीचे सभासद सरकारचे अधिकारी किंवा सरकारने नेमलेले. सभासदांना प्रश्न विचारता येत, पण मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर भाषण करता येई, मत देता येत नसे. म्हणजे अंदाजपत्रक आधी ठरलेले, त्यावरील चर्चा नंतर, आणि चर्चेचा निकाल काहीच नाही. अशा ठिकाणी पुष्कळ सभासद मानाची खुर्ची म्हणून जात आणि उरलेले दोन-चार कडक भाषणे करून मोकळे होत.

लगेचच १९०१ साली जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. सारा थकला होता आणि सारा न भरल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हा लावून देताना त्या विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्याला देऊ नये, अशी तरतूद त्यात होती. सावकाराच्या कचाट्यातून रयत सोडवायची, असे सरकारचे म्हणणे. दिसायला हेतू चांगलाच. गोखल्यांनी त्यातली मेख दाखविली. जमिनीवरचा हक्क गेला की शेतकऱ्याची पत गेली, आणि पत गेली की बैल मेला तर नवा घ्यायला त्याला पैसा कोण देणार? शेतकऱ्याला आधी स्वस्त कर्जाची सोय करून द्यावी आणि मग सावकाराला आवरावे, हा क्रम उलटा करता येत नाही. शिवाय मालक असलेला रयत या वाटेने सरकारचा कूळ होऊन बसेल. एवढा मोठा फेरफार लोकांचे मत न घेता करू नये, म्हणून विधेयक पुढे ढकलावे अशी मागणी झाली. सरकारी मतांनी ती फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेहता उठले आणि सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून गोखले व आणखी काही सभासद गेले. सभात्यागाची आता इतकी सवय झाली आहे की त्याचे कोणाला काही वाटत नाही. त्या काळी ती गोष्ट अघटित होती. गोखल्यांच्या सौम्य प्रकृतीला ती मानवणारीही नव्हती आणि तसे त्यांनी बाहेर पडण्यापूर्वी बोलूनही दाखविले.

त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे वारले होते. वर्षअखेरीस मेहतांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळातील जागा प्रकृतीमुळे सोडली आणि मुंबईच्या बिनसरकारी सभासदांनी तेथे गोखल्यांना पाठविले. १९०२ साली फर्ग्युसनमधील सेवा संपवून ते बाहेर पडले. वय ३६ वर्षांचे. यानंतर घरदार चालविण्यापुरते उत्पन्न आणि सार्वजनिक काम एवढेच त्यांनी जवळ ठेवले. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही याच काळात त्यांच्याकडे आले आणि रस्ते, गटारे, पाणीपुरवठा यांतही या अर्थशास्त्रज्ञाने मन घातले.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरील पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत ओळीने काही वर्षे शिल्लक पडत होती आणि देश सुस्थितीत असल्याची ती खूण आहे, असे अधिकारी अभिमानाने सांगत. दुष्काळात लाखो माणसे मेली त्याच वर्षांत तिजोरी भरते, याचा मेळ कसा बसवावा? गोखल्यांनी तो हिशेबाने बसवून दाखविला. हिंदुस्थान सरकारला दर वर्षी विलायतेत पौंडांमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. रुपयाचा भाव घसरत तेरा पेन्सांपर्यंत आला तेव्हा त्या भरण्यासाठी अधिक रुपये लागू लागले आणि म्हणून कर वाढविले गेले. पुढे टाकसाळी बंद करून सरकारने रुपया सोळा पेन्सांवर नेला. विलायतेचा भरणा त्यामुळे स्वस्तात होऊ लागला, पण वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक पडत होती ती यामुळे. रयतेच्या सुबत्तेशी तिचा संबंध नव्हता. ज्या वेळी लोकांना कराची सर्वांत कमी ताकद होती, त्याच वेळी त्यांच्याकडून गरजेपेक्षा जास्त पैसा घेतला जात होता.

मिठाचे उदाहरण त्यांनी विशेष लावून धरले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. लोकसंख्या वाढूनही मिठाचा खप त्या मानाने वाढत नव्हता, म्हणजे गरिबाच्या ताटातले मीठ कमी झाले होते. ऐकणाऱ्याला दुसरा पुरावा लागू नये, असा हा मुद्दा होता. १९०३ साली हा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर. प्राप्तीवरील कराची माफी पाचशे रुपयांपर्यंत होती, ती १९०३ साली हजारापर्यंत गेली. गोखल्यांच्या भाषणांनीच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तिजोरीत पैसा होता आणि कर्झनसाहेबांना लोकांना काहीतरी द्यायचेही होते. परंतु ज्या गोष्टी कमी झाल्या त्या नेमक्या गोखल्यांच्या यादीतल्या होत्या.

या भाषणांमागे आणखी एक माणूस होता आणि त्याचे नाव घेणे उचित ठरेल. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील मुख्याध्यापक. नोकरीमुळे त्यांना उघड लिहिता-बोलता येत नसे, पण सरकारी आकडेवारीत त्यांच्याइतका मुरलेला दुसरा मनुष्य या इलाख्यात क्वचितच असेल. कलकत्त्यास जाण्याआधी गोखले त्यांच्याशी सल्लामसलत करीत, मुद्दे विचारीत, तक्ते मागवीत. सभागृहातील एका तासामागे महिनेमहिने असे खर्ची पडत. वाचनालयात बसून जुने अहवाल चाळणाऱ्याला हे काम किती कंटाळवाणे असते ते ठाऊक असते.

सर्वच ठिकाणी यश आले नाही, हे सांगितलेच पाहिजे. सरकारी गुपितांचा कायदा, १९०४ चा विद्यापीठ कायदा यांना त्यांनी कलमाकलमाला विरोध केला. दोन्ही मंजूर झाले. आणि १९१० साली मुद्रणस्वातंत्र्यावर घाला घालणारा छापखान्यांचा कायदा आला तेव्हा तर गोखल्यांनी काही दुरुस्त्या सुचवून त्याला मूकसंमतीच दिली. देशातील हिंसक घटनांनी ते अस्वस्थ होते आणि नव्याने मिळालेल्या सुधारणा हातच्या जातील अशी त्यांना धास्ती होती. कारण काहीही असो, त्यांच्या कारकिर्दीतील हा दुबळा भाग आहे आणि त्यांच्या चाहत्यांनीही तो झाकू नये.

सभागृहात भाषणे करून सारे काही होईल अशा भ्रमात गोखले कधीच नव्हते. कर्झनच्या अमदानीत त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. सरकारकडे पगारी, शिकलेले, आयुष्यभर तेच काम करणारे अधिकारी आहेत, आणि लोकांच्या बाजूने काम करणारे मात्र वकिली-व्यापार सांभाळून उरल्या वेळात देशसेवा करणारे हौशी गृहस्थ आहेत. ही जोड विषम आहे. प्रपंचापुरते घेऊन सर्व वेळ देशाच्या कामाला देणारी आणि त्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे तयार केल्याशिवाय ती सम होणार नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षकांनी जे केले तेच देशाच्या कामासाठी करावयाचे, असा हा विचार होता.

१२ जून १९०५ रोजी सकाळी फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना झाली. गाजावाजा काही नव्हता. वडीलधारे म्हणून शिवराम हरि साठे यांच्यासमोर गोखल्यांनी प्रथम स्वतः शपथा घेतल्या आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन व गोपाळ कृष्ण देवधर या तिघांना दिल्या. (१९५२ साली याच नावाची आणखी एक संस्था सरकारी प्रेरणेने निघाली. तिचा या समाजाशी संबंध नाही.) शपथा सात होत्या. देशाला मनात पहिले स्थान देणे, सेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे, जात किंवा धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानणे, समाज देईल त्या तरतुदीत कुटुंबाचा निर्वाह करून जास्त मिळविण्याच्या मागे न लागणे, आचरण शुद्ध ठेवणे, कोणाशी खाजगी भांडण न करणे आणि समाजाच्या ध्येयाशी विसंगत काही न करणे.

शपथांपेक्षाही लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे उमेदवारीचा काळ. तो पाच वर्षांचा होता. तरुण पदवीधर देशसेवेच्या उत्साहाने येई आणि गोखले त्याला ग्रंथालयात बसवीत. अर्थशास्त्र, इतिहास, कायदे, सरकारी अहवाल वाचायचे, टिपणे काढायची, मग देशभर हिंडून डोळ्यांनी पाहायचे. बोलायचे पुष्कळ नंतर. बंगालच्या फाळणीने पेटलेल्या त्या वर्षात तरुणांना ही शिस्त फार थंड वाटली असल्यास नवल नाही. येणारे थोडे होते आणि टिकणारे त्याहून थोडे. परंतु जे टिकले त्यांची नावे पाहावीत. मद्रासकडचे मुख्याध्यापक श्रीनिवास शास्त्री १९०७ साली आले. अलाहाबादचे हृदयनाथ कुंझरू आले. नारायण मल्हार जोशी आले आणि १९११ साली त्यांनी मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्याबरोबर सेवासदन उभारले आणि नंतर सहकारी पतपेढ्यांना वाहून घेतले. अमृतलाल ठक्कर मुंबई नगरपालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ साली आले. ठक्करबाप्पा म्हणून पंचमहालच्या भिल्लांत त्यांनी पुढे जे काम केले ते गुजरातेत सर्वांना माहीत आहे.

१९०५ च्या अखेरीस गोखले बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सुरतेची फूट, टिळकांशी झालेले वाद, मोर्लेसाहेबांच्या भेटीसाठी केलेल्या विलायतेच्या फेऱ्या यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. टिळक-गोखले यांना तागडीच्या दोन पारड्यांत घालून तोलण्याचा मराठी लेखकांना मोठा सोस. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९ पासून कायदेमंडळाचा आकार वाढला आणि सभासदांना ठराव मांडण्याचा हक्क मिळाला, एवढे पुढील हकिकतीसाठी पुरे. गोखल्यांनी या हक्काचा उपयोग लगेच केला. नाताळमध्ये करारबद्ध मजूर पाठविणे बंद करावे असा ठराव त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. पंधरा वर्षांतील हा त्यांचा निर्भेळ विजय.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ मार्च १९१० रोजी, त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा ठराव आणला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला आणि वर्षभर वाट पाहून १६ मार्च १९११ रोजी स्वतःचे विधेयकच मांडले. ते किती बेताचे होते हे पाहण्यासारखे आहे. सक्ती साऱ्या देशावर एकदम लादायची नव्हती. ज्या गावात किंवा जिल्ह्यात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरविले आणि प्रांतिक सरकारने परवानगी दिली, तरच ती लागू व्हायची. तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, मुलींसाठी नंतर. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा. एवढी कुंपणे घातलेल्या या विधेयकालाही मान्यता मिळू नये, यावरून त्या सभागृहाची कल्पना येईल. १९११ च्या जनगणनेत या देशातील शंभरांत सहा माणसेही साक्षर भरली नव्हती.

सक्तीचे शिक्षण या देशाला मानवणार नाही, येथील लोक ते सहन करणार नाहीत, असा अधिकाऱ्यांचा एक आवडता मुद्दा होता. त्याला गोखल्यांजवळ तयार उत्तर होते आणि बडोद्याच्या वाचकांना ते सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यात लागू केला. आजूबाजूच्या ब्रिटिश मुलखातील माणसे आणि संस्थानातील माणसे एकाच रक्तामांसाची. मग सीमेच्या अलीकडे जे चालते ते पलीकडे का चालू नये, हा प्रश्न गोखल्यांनी सभागृहाला विचारला आणि त्याला समर्पक उत्तर मिळाले नाही. शिकलेला मुलगा वाचन विसरू नये म्हणून त्याच बडोद्याने १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभारण्याचे काम हाती घेतले. दोन्ही गोष्टी एकाच विचारातून आल्या होत्या.

विधेयक वर्षभर मतांसाठी देशभर फिरले. सभा झाल्या, ठराव झाले, वृत्तपत्रांत वाद झाले. १८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा चालली. मदनमोहन मालवीय आणि महमदअली जीना यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रांतिक सरकारे विरुद्ध होती. शिक्षणखात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनी सहानुभूती दाखवून नकार दिला. पैसा नाही, शिक्षक नाहीत, वेळ आलेली नाही. खेदाची गोष्ट म्हणजे काही हिंदी सभासदांनीही हात आखडला. जमीनदारांना नव्या पट्टीची धास्ती होती, शिवाय शेतावर राबणारी मुले शाळेत गेली तर कामाला कोण, ही चिंताही होती. विधेयक नामंजूर होणार हे गोखल्यांना बोलायला उभे राहण्यापूर्वीच ठाऊक होते आणि ते त्यांनी कसलाही त्रागा न करता सांगूनही टाकले. तरीही प्रत्येक आक्षेपाला त्यांनी आकड्यांनिशी, शांतपणे उत्तर दिले. मते पडली ती बाजूने १३ आणि विरुद्ध ३८.

ज्यांनी ते फेटाळले त्यांच्याच हातून पुढच्या काही वर्षांत त्याच्या शाखा फुटू लागल्या, पण ते पाहायला गोखले उरले नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांचा कायदा संमत झाला आणि नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला. त्याची मांडणी पाहिली तर गोखल्यांच्या विधेयकाशी असलेले नाते लपत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क घटनेने दिला तो २००२ च्या दुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला.

विधेयक पडले त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, गोखले केपटाऊनला उतरले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी समक्ष पाहण्यासाठी गांधींनी त्यांना बोलाविले होते. या दौऱ्यातील एक प्रसंग मराठी वाचकाला गोड वाटेल. कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू जमणार होते अशा एका सभेत इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, असा गांधींनी आग्रह धरला आणि भाषांतर आपण करतो म्हणाले. गांधींच्या मराठीची गोखल्यांना चांगलीच शंका होती व त्यांनी थट्टाही केली, पण भाषांतर त्यांना पसंत पडले. तेव्हापासून झांजीबारला निरोप घेईपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलत राहिले. प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स यांच्याशी बोलणे होऊन तीन पौंडांचा जाचक कर रद्द होईल असा विश्वास घेऊन ते परतले. तो शब्द पाळला गेला नाही. गांधींना १९१३ साली मोठा लढा द्यावा लागला आणि त्या लढ्यासाठी मधुमेहाने खंगलेले गोखले देशभर पैसा गोळा करीत होते. कर रद्द झाला तो १९१४ साली.

सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे कामही त्यांनी याच प्रकृतीवर ओढले. १९१४ साली सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. १९१५ च्या आरंभी गांधी कायमचे स्वदेशी परतले आणि पुण्यास येऊन गोखल्यांना भेटले. त्यांना भारत सेवक समाजात घ्यावे अशी गोखल्यांची मनापासून इच्छा होती. समाजातील काही सभासदांना गांधींच्या पद्धती पटत नव्हत्या. गोखल्यांच्या मृत्यूनंतर ही अडचण पाहून गांधींनी स्वतःच आपला अर्ज मागे घेतला. गुरूच्या संस्थेत शिष्याला जागा झाली नाही, हे इतिहासातील एक चमत्कारिक सत्य आहे.

शेवटच्या दिवसांतही कागद-पेन्सिल हातातून सुटली नव्हती. मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या सूचनेवरून युद्धानंतर प्रांतांना कोणता कारभार द्यावा याचा एक मसुदा त्यांनी अंथरुणावर लिहिला. १९१७ साली आगाखानांनी तो प्रसिद्ध केला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात समाजाच्याच वास्तूत गोखले वारले, तेव्हा त्यांना एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद झाले त्या टिळकांनी सिंहगडावरून तातडीने येऊन स्मशानात त्यांचा मोठ्या आदराने गौरव केला.

समाजाची सूत्रे श्रीनिवास शास्त्रींकडे गेली. नारायण मल्हार जोशी १९२० साली आयटक या पहिल्या अखिल भारतीय कामगार संघटनेच्या स्थापनेत अग्रभागी होते आणि नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सभासद म्हणून गोखल्यांच्याच चिकाटीने आकडे मांडीत राहिले. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून समाजाच्या आवारात अर्थशास्त्राची संशोधनसंस्था निघाली आणि तिला गोखल्यांचे नाव दिले गेले. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. तरुण पदवीधरांना बोलण्याआधी वाचायला बसविण्यासाठी गोखल्यांनी जमविलेला सरकारी अहवालांचा संग्रह त्याच आवारात होता, आणि गाडगिळांच्या हाताखालचे नवे अभ्यासक शेती व मजुरीचे आकडे काढण्यासाठी तो पुन्हा उघडू लागले.